आधी कुठल्या बेटावर उतरायचं?

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांसोबत बघायला बेटांवरच्या विचित्र प्राण्यांबद्दल काहीतरी सुचव, म्हणून मावसभावाचा फोन आला. यादी पाठवली की माणूस पहिलंच नाव उचलतो, हा माझा अनुभव. त्यामुळे यादीऐवजी तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडते. तिन्ही बीबीसीच्याच: ‘प्लॅनेट अर्थ २’चा बेटांवरचा पहिला भाग (२०१६), ‘मादागास्कर’ ही तीन भागांची मालिका (२०११) आणि ‘लास्ट चान्स टू सी’ (२००९).

बहुतेक जण पहिलीच निवडतात, आणि का ते एका दृश्यात कळतं. गालापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर समुद्री इग्वाना या सरड्याचं पिल्लू वाळूतून डोकं वर काढतं आणि खडकांच्या फटींतून रेसर साप एकामागोमाग एक सुटतात. सापांची नजर अधू, हालचाल तेवढी टिपणारी. म्हणून पिल्लू आधी दगडासारखं थिजतं, आणि अगदीच गळ्याशी आलं की धूम ठोकतं. आमची आई हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, “अगं बाई, पळ की!” म्हणत. पुढे निर्मात्यांनी सांगितलं की पडद्यावर दिसणारा तो पाठलाग एकाच पिल्लाचा नव्हता, वेगवेगळी दृश्यं जोडून तो उभा केला होता. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

अडचण पुढे आहे. तासाभरात पनामाजवळच्या चिमुकल्या बेटावरचा, झाडांवर संथपणे फिरणारा बुटका स्लॉथ, कोमोडोचे ड्रॅगन म्हणजे अजस्र घोरपडी, ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडे, दक्षिण अटलांटिकमधल्या झावोदोव्स्की बेटाच्या ज्वालामुखीवरचे दहा लाखांहून जास्त पेंग्विन, सगळं येतं आणि जातं. पंगतीत वाढपी जिलबी टाकून पुढच्या पानाकडे सरकतो तसं. स्लॉथ तिथे बुटका का झाला, हे विचारेपर्यंत कॅमेरा दुसऱ्या महासागरात. खेकड्यांपाशी मात्र तो जरा रेंगाळतो. माणसाच्या मागोमाग बेटावर पोचलेल्या पिवळ्या मुंग्या त्यांच्यावर आम्ल फवारून त्यांना आंधळं करतात. लहान मुलं सोबत असतील तर हा तुकडा सापांपेक्षा जास्त लागतो, हे आधी सांगून ठेवते.

‘मादागास्कर’चा हिशोब उलटा. बेट एकच आणि त्याला तीन तास. पहिला भाग बेटाची ओळख करून देणारा, दुसरा पूर्वेकडच्या दाट पावसाळी जंगलांचा, तिसरा दक्षिण-पश्चिमेच्या रखरखाटाचा. निवेदन इथेही डेव्हिड अ‍ॅटनबरोंचंच, पण संगीत छातीवर बसत नाही. पाठलागही कमी आहेत. पहिल्या भागात आमच्या घरातला एक सदस्य चक्क घोरत होता. तरीही माझं मत याच मालिकेला, कारण प्राणी असा का झाला हा प्रश्न विचारायला इथे उसंत मिळते.

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचं हे बेट. साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा त्याच्यापासून सुटून उत्तरेकडे निघाला. कर्नाटकातल्या मलपेजवळच्या सेंट मेरी बेटांवर खडकाचे जे षटकोनी खांब पाहायला आपण जातो, ते त्याच फाटाफुटीच्या काळातल्या लाव्हाचे. तेव्हापासून मादागास्कर एकटंच. तिथे माकडं पोचली नाहीत, म्हणून झाडं त्यांच्या दूरच्या नातलगांच्या, लेमूरांच्या वाट्याला आली. मांजराच्या कुळातलं कुणी नाही, म्हणून मुंगसाचा नातलग असलेला फोसा झाडांवर चढून शिकार करू लागला. सुतारपक्षी नाहीत, मग लाकडावर टकटक करून आतली अळी हुडकायचं काम आय-आय या लेमूराने घेतलं, तारेसारखं लांबुळकं मधलं बोट वापरून. लॅबर्डचा सरडा तर आयुष्याचा मोठा भाग अंड्यातच काढतो. बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत वाढ, वीण आणि मरण, सगळं आटोपतं. आणि गोरखचिंच! आपल्याकडे जुन्या आवारात एखादी दिसते ती आफ्रिकेतून आलेली. मादागास्करमध्ये तिच्या सहा जाती अशा आहेत की ज्या जगात दुसरीकडे आपोआप उगवत नाहीत.

याला जोड म्हणून अ‍ॅटनबरोंनी त्याच वर्षी केलेला अंड्यावरचा माहितीपट जरूर बघा. १९६० मध्ये ते या बेटावर गेले असताना त्यांना नामशेष झालेल्या हत्तीपक्ष्याच्या अंड्याची टरफलं मिळाली. ती जोडून त्यांनी सबंध अंडं उभं केलं, आणि पन्नास वर्षांनी त्याचं वय मोजून घेतलं. साधारण १३०० वर्षं भरलं. वन्यजीवांच्या माहितीपटात सहसा न भेटणारी एक म्हातारी हळहळ त्यात आहे.

तिसरी मालिका पूर्ण बेटांची नाही. सहापैकी तीनच भाग आपल्या कामाचे: आय-आय, कोमोडो ड्रॅगन आणि काकापो. इथे निवेदक पडद्यावर घाम गाळत असतो. स्टीफन फ्राय आणि प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइन ही जोडी. फ्रायची इंग्रजी भरभर आणि विनोद खास ब्रिटिश, त्यामुळे सबटायटल लागतीलच. अ‍ॅटनबरोंचं बोलणं माझ्या वडिलांना सबटायटलशिवाय कळतं, फ्रायचं नाही.

पण काकापोचा भाग चुकवू नका. न्यूझीलंडचा हा पोपट जगातला सगळ्यात वजनदार, निशाचर, आणि उडता न येणारा. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. धोका यायचा तो वरून, नजरेने शिकार करणाऱ्या पक्ष्यांचा. म्हणून हिरव्या पिसांचा काकापो संकट आलं की हालचाल थांबवून झाडोऱ्यात मिसळून जातो. माणसांबरोबर उंदीर, मांजरं आणि मुंगसासारखे स्टोट आले. ते वासावर येतात. इग्वानाच्या पिल्लाला जे थिजणं वाचवतं, त्याच थिजण्याने काकापोला नामशेष होण्याच्या काठावर आणून ठेवलं. ही दोन दृश्यं एकापाठोपाठ बघा. माझ्या डोक्यात बेट म्हणजे काय ते तेव्हा शिरलं.

याच भागात सिरोक्को नावाचा काकापो कारवर्डाइनच्या डोक्यावर चढून थेट प्रणयालाच लागतो, आणि फ्राय हसून हसून बेजार होतो. लहानपणी आजारपणामुळे सिरोक्को माणसांच्या हातांनी वाढला आणि माणसांनाच आपली जात समजून बसला. आजोबा शेजारी असतील तर रिमोट हाताशी असू द्या.

टिल्डा स्विंटनच्या आवाजातली ‘गालापागोस’ (२००६) मी मुद्दाम मागे ठेवली. दिसायला देखणी, पण अर्धा जीव ज्वालामुखी आणि डार्विनच्या इतिहासात. भूगोलाची आवड असेल त्याने घ्यावी.

मावसभावाकडे एकच संध्याकाळ असती तर मी त्याला सापांचाच तास दिला असता. त्याच्याकडे चार आहेत. म्हणून पहिल्या तीन संध्याकाळी मादागास्कर, आणि चौथ्या दिवशी आधी इग्वाना, लगेच काकापो. आय-आयचा भाग उरलाच तर पाचवीतल्या भाचीसोबत बघताना खोलीतला दिवा चालू ठेव म्हटलंय. ते बोट अंधारात एकदम पडद्यावर आलं की मीसुद्धा दचकले होते.