अंगठा घेतला नाही, तिथंच उठायला पाहिजे होतं

बनावट डीएपी खतात (नत्र अन् स्फुरद देणारं दाणेदार खत) १३,८०० रुपये गेले. १२ बॅगा, प्रत्येकी ११५०, टेम्पोचे ४०० वेगळे. डीएपी १३५० ला असताना हे २०० नं स्वस्त कसं, हे आता गावात जो तो विचारतो. मृगाचा पाऊस पडलेला, मोंढ्यात डीएपीचा दाणा नाही. त्यांनीही घेतलंच असतं.

विकणाऱ्यानं माती परीक्षणाचा कागद मागितला अन् त्यावरच गळ टाकला. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) ८.३, सेंद्रिय कर्ब (मातीतलं कुजलेलं सेंद्रिय द्रव्य दाखवणारा आकडा) ०.३८ टक्के. 'चुनखडीनं स्फुरद बांधून ठेवलाय. हे १८:४६ च, वर कर्ब वाढतो.' १८:४६ म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, डीएपीचंच प्रमाण. पहिलं वाक्य खरं, म्हणून दुसरं पचलं. एकरी दोन टन शेणखत दरसाल टाकूनही कर्ब हळूहळूच सरकतो. एका बॅगेनं काय होणार!

अनुदानाचं खत ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या विक्री नोंदवायच्या मशीनवर, नोंद केल्याशिवाय विकता येत नाही; त्यासाठी सहसा अंगठा घेतात. 'मशीन बंद आहे, नंतर लावू' म्हणाला. आम्ही हो म्हणालो. पिशवीवर १८:४६ ठळक, खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'भू-सुधारक'. चष्मा खिशातच होता.

पेरणीनंतर उरलेले दाणे तळहातावर चुन्यात चोळले. डीएपीला अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येतो; इथं काहीच नाही. तव्यावर डीएपीचा दाणा फुगतो, हा जसाच्या तसा. पाण्यात टाकला तर तळाला चिखल. रंगवलेली माती! ही परीक्षा दुकानातच करा, चुना कुणाच्याही खिशात असतो. १० एकर सोयाबीनला एकरी २४ किलो स्फुरद जायचा होता. तो पेरतानाच मुळाशी पडावा लागतो, मागून फेकून भागत नाही. डीएपी नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट एकरी तीन बॅगा घ्या, गंधकही मिळतो. युरिया थोडा जोडा.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. 'फोडलेल्या बॅगेचा नमुना चालत नाही.' कपाशीसाठी ठेवलेल्या दोन शिवलेल्या होत्या, म्हणून सांगतो, एक तरी बॅग फोडू नका. तर म्हणे, 'भू-सुधारक लिहिलंय, खतात बसत नाही.' मग १८:४६ छापलं कशाला? 'ते जिल्ह्याला विचारा.' जिल्ह्यानं अर्ज परत तालुक्यालाच धाडला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल असतं तर ठाण्यात कशाला आलो असतो! खत निरीक्षक पोचले तेव्हा दुकानाला कुलूप.

आता ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. सोबत विकणाऱ्याच्या हातची कच्ची चिठ्ठी अन् मोबाइलवरून पैसे गेल्याची नोंद जोडलीय.