अमन लॉज ते माथेरान: सासूबाईंच्या गुडघ्यांना मानवलेली गाडी

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारींना बंदी. मी चालत गेले असते, पण सासूबाईंचे गुडघे! म्हणून जवळच्याच अमन लॉज स्टेशनहून माथेरानची छोटी रेल्वेगाडी, म्हणजे शटल घेतली. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेमार्गाचा हा शेवटचा तुकडा, रूळ अवघे दोन फुटी. जेमतेम तीन किलोमीटरला वीसेक मिनिटं लागतात, आणि तेच छान वाटतं. धाकटा खिडकीतून माकडं मोजत होता. उतरल्यावर एकाने त्याचा वेफर्सचा पुडाच पळवला, मोजणी संपली. सुट्टीच्या दिवशी रांग लांबलचक, तेव्हा एकाने पुढे धावत जाऊन उभं राहायचं. बाजारातल्या एका खानावळीतली आमटी थंडगार होती. चिक्की मात्र दोन पुडे जास्तच घ्या, एक लोकलमध्येच संपतो.