नेट चाललं होतं, पण माझ्या कार्डातून नाही

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची ई-केवायसी, पीक विमा ही रोजची कामं. केळीवाले आले की आधी रावेरचा बोर्डभाव, म्हणजे केळीचा जाहीर झालेला भाव, विचारतात, मग कागद काढतात. हे सगळं इंटरनेटवर चालतं. २०२४ च्या सप्टेंबरात रस्त्याच्या कामात जेसीबीने आमची फायबरची तार तोडली आणि ती लवकर जोडली जायची चिन्हं दिसेनात.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून पाहिला. केंद्राला पत्र्याचं छत आहे, आत सिग्नलच्या एक-दोन दांड्या यायच्या. फोन बाहेर ओट्यावर ठेवला तर नेट यायचं, पण कुणाचा फोन आला, ओटीपी आला की धावपळ. कागद अपलोड होता होता मध्येच तुटायचे. समोर केळीच्या विम्याची ३१ ऑक्टोबरची मुदत दिसत होती.

अशा वेळी एका ओळखीच्या खतवाल्याने एकाचा नंबर दिला. जळगावकडचा माणूस, गावोगाव फिरून कॅमेरे, कॉम्प्युटरची कामं करणारा. फोनवर त्याने जे सांगितलं ते मला पटलं, कारण ते बरोबरच होतं. कॉम्प्युटरच्या आत मोडेमचं कार्ड बसवायचं, त्यात सिम घालायचं, अँटेनाची वायर छतावर न्यायची. मग पत्र्याचा त्रास उरत नाही. कार्ड ४जी, बसवण्यासकट ₹९,५००. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, बिल केलं तर अठरा टक्के जीएसटी वाढतो, तुमचंच नुकसान." मी गप्प बसलो. इथे गप्प बसायला नको होतं.

तो आला, केबिनेट उघडलं, एक लांबट अडॅप्टर स्लॉटमध्ये बसवला. त्यावर बोटाएवढं हिरवं कार्ड होतं, त्याला नवीकोरी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, वर '४जी एलटीई' आणि खाली १५ आकड्यांचा नंबर. माझं नवं जिओचं सिम त्याने अडॅप्टरच्या खाचेत घातलं. मागच्या बाजूला दोन काळ्या अँटेना फिरवून लावल्या. शेवटी नखाएवढी एक वस्तू मागच्या यूएसबीत खोचली आणि म्हणाला, "ही कार्डाच्या लायसन्सची किल्ली आहे, काढायची नाही." डिजिटल सहीचं डोंगल मी रोज वापरतो, टॅलीची किल्लीही पाहिलेली. त्यामुळे लायसन्सची किल्ली असते यात मला काही वावगं वाटलं नाही.

नेट सुरू झालं. त्याने वेगाची चाचणी लावून दाखवली. मी दोन विम्याचे अर्ज भरून पाहिले, कागद पटापट अपलोड झाले. तो समोरच्या टपरीवर चहा घेत बसला होता, फोन टेबलावर उताणा ठेवलेला. चाळीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मी यूपीआयने पैसे दिले. तो मोटारसायकलवर निघाला, गाडी नाल्यापलीकडे गेली असेल-नसेल, तोच नेट गेलं.

गाडी जाणं आणि नेट जाणं या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. मी त्याला फोन केला.

त्यानंतर महिनाभर तो मला तीन गोष्टी सांगत राहिला. आधी, नवं सिम आहे, पूर्ण चालू व्हायला चोवीस तास लागतात. मग, तुमच्या भागात टॉवर लांब आहे, बूस्टरची अँटेना लागेल. ती लावायला आला, ₹२,८०० घेतले, तो बसलेला असेपर्यंत नेट पुन्हा चाललं. तिसऱ्यांदा म्हणाला, मदरबोर्डच्या बायॉसने, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामने, कार्ड अडवलंय, ते अनलॉक करावं लागेल, ₹१,५००. तेही दिले. एकूण ₹१३,८००.

यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी खरी असते, म्हणून माणूस फसतो. नवं सिम चालू व्हायला वेळ लागतो हे खरं. अँटेना चांगली नसेल तर सिग्नल येत नाही हेही खरं. बायॉसचं म्हणाल तर काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये मान्य कार्डांची यादी बायॉसमध्येच असते आणि यादीबाहेरचं कार्ड घातलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. पण माझा जोडणीचा डेस्कटॉप. त्याच्यावर अशी यादी नसते, आणि यूएसबीवरून बोलणाऱ्या मोडेमला बायॉस सहसा अडवत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर ते दीड हजार तरी वाचले असते.

रोज शेतकरी येत होते. "भाऊ, मना फॉर्म व्हयना का?" माझा फॉर्म झाला का, हा एकच प्रश्न. मी कागद गोळा करून संध्याकाळी चोपड्याला मित्राच्या केंद्रावर जायचो आणि रात्री अकरा-बारापर्यंत अर्ज भरायचो. माझ्या पैशांपेक्षा या फेऱ्यांचा विचार केला की अजून राग येतो.

धनतेरसला, २९ ऑक्टोबरला, बहिणीचा मुलगा आला. तो नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. मी सगळं सांगितल्यावर त्याने केबिनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "मामा, या सिमचा डेटा किती वापरला गेलाय?" ॲप उघडून पाहिलं. शून्य. महिनाभरात एक एमबीसुद्धा नाही. मग माझे ते दोन अर्ज कशावर गेले होते?

त्याने मागची 'लायसन्सची किल्ली' काढली. ते वाय-फायचं छोटं डोंगल होतं, बाजारात दोन-चारशे रुपयांना मिळतं तसं. कॉम्प्युटरच्या यादीत 'मोडेम ४जी' या नावाचं एक वाय-फाय जतन केलेलं होतं. त्या माणसाने आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला ते नाव दिलं होतं. टपरीवर टेबलावर ठेवलेला तो फोन म्हणजेच माझं इंटरनेट. स्क्रीनच्या कोपऱ्यात वाय-फायचा पंख्यासारखा आकार त्या दिवशीही दिसत होता. सिमच्या नेटचं चिन्ह वेगळं, उतरत्या-चढत्या दांड्यांचं असतं, मोबाइलवर असतं तसं. मी रोज आठ तास त्या स्क्रीनसमोर बसतो, पण तिकडे लक्ष गेलं नाही.

मग भाच्याने केबिनेट उघडलं, आणि पुढचं मी त्याच्याकडून शिकलो ते नीट लिहितो.

असं मोडेमचं कार्ड एम-डॉट-टू प्रकारचं असतं. कडेला सोनेरी पट्टी आणि तिच्यात खाच. मोडेमच्या कार्डाची खाच 'बी की' म्हणतात त्या जागी असते. एसएसडीच्या 'एम की' स्लॉटमध्ये किंवा वाय-फायच्या 'ई की' स्लॉटमध्ये ते बसत नाही, म्हणून डेस्कटॉपला अडॅप्टर लागतो. हा अडॅप्टर जरी मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसत असला, तरी या प्रकारात तिथून तो फक्त वीज घेतो. माहिती जाते यूएसबीने. त्यासाठी अडॅप्टरवरून एक वायर निघून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेत जावी लागते. माझ्या अडॅप्टरची ती वायर गुंडाळून, रबर लावून आत कोपऱ्यात टाकलेली होती. म्हणजे कार्डाला वीज मिळत होती, दिवा लागत होता, पण कॉम्प्युटरला आपल्या पोटात मोडेम आहे याचा पत्ताच नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, त्याचं नाव नव्हतं.

अँटेनांचं तर विशेष. मोबाइलच्या अँटेनेच्या जोडाला मधोमध बारीक पिन असते, ती अडॅप्टरच्या छिद्रात जाते. त्याने लावलेल्या होत्या वाय-फाय राउटरच्या अँटेना. त्यांचे आटे तसेच असतात, त्यामुळे त्या फिरवल्या की घट्ट बसतात, पण मधोमध पिनेऐवजी छिद्र असतं. छिद्रासमोर छिद्र, धातूला धातू लागतच नव्हता. ₹२,८०० चा 'बूस्टर' म्हणजे असलीच एक, जरा लांब.

भाच्याने वायर जोडली. आता यादीत मोडेम आला. त्याने सीरियल पोर्ट उघडून मोडेमला आज्ञा दिल्या. या आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होतात आणि जवळपास सगळ्या मोडेमना कळतात. एटी+सीजीएमएम दिल्यावर कार्ड स्वतःचं मॉडेल सांगतं. ते नाव शोधलं तर कार्ड ३जी निघालं, एचएसपीए प्लस (३जीचाच वेगवान प्रकार), २१ एमबीपीएसचं, जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं. आणि सिम जिओचं! जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली ती थेट ४जीवर. तिचं २जी किंवा ३जी जाळं कधी नव्हतंच. या कार्डाला जगातली सगळ्यात उंच अँटेना लावली असती तरी जिओचा टॉवर दिसला नसता. एटी+सीएसक्यू ही सिग्नलची आज्ञा ० ते ३१ मधला आकडा देते. आमच्याकडे ९९ आला, म्हणजे काहीच कळत नाही.

मग एटी+सीजीएसएन. ही आज्ञा आयएमईआय सांगते. मोबाइलला असतो तसा १५ आकडी आयएमईआय या कार्डालाही असतो. कार्डाने सांगितलेला नंबर चिठ्ठीवरच्या नंबराशी जुळला नाही. चिठ्ठीवरचा नंबर आम्ही 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून १४४२२ वर एसएमएस केला; आयएमईआय कुठल्या उपकरणाचा आहे ते तिथून कळतं. उत्तरात एका मोबाइल हँडसेटचं मॉडेल आलं. पांढरी चिठ्ठी नखाने उचलली, तर खाली कंपनीची मूळ चिठ्ठी, अर्धी खरवडलेली. मी त्या वेळी खुर्चीत बसून राहिलो. चुकून जुनं कार्ड आलं असेल ही शेवटची शंकाही तिथे संपली. कुणीतरी बसून, ठरवून ती चिठ्ठी छापली होती.

तुम्ही असं कार्ड बसवून घेणार असाल तर पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला त्याच्या फोनचा डेटा बंद करायला सांगा, शक्य असेल तर फोनच बंद. मग तुमच्या कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा. नेट चालत राहिलं पाहिजे. नंतर सिम काढा. आता नेट गेलं पाहिजे. एवढ्याला दोन मिनिटं लागतात आणि खरं काम करणारा माणूस यावर रागावत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या यादीत 'सेल्युलर' हा पर्याय दिसतो का बघा. सिमच्या ॲपमध्ये डेटा खर्ची पडतोय का बघा. कार्ड घेताना बँड, म्हणजे ते कोणत्या लहरींवर चालतं, ते विचारा. आपल्याकडे जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं. परदेशी बाजारासाठी बनलेली ४जी कार्डंही इकडे विकली जातात, ती खोटी नसतात, पण त्यात ४० नसेल तर गर्दीच्या वेळी हाल होतात. एपीएन, म्हणजे सिमच्या नेटसाठी सेटिंगमध्ये घालायचं नाव, स्वतः घालून बघा, जिओचा जिओनेट. आणि लॅपटॉपवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की स्लॉट आहे म्हणजे आत अँटेनाच्या वायरी आहेत असं नाही; बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या ठेवलेल्याच नसतात.

तक्रार केली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन केला, पण ती मदत पैसे गेल्या गेल्या कळवलं तर उपयोगाची. माझा महिना उलटून गेला होता. पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून. तिथे बिल मागितलं, ते नव्हतं. यूपीआयची नोंद होती, पण पैसे ज्या नावावर गेले ते नाव त्याचं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तेच, बिल. कार्ड, दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो, आज्ञांची उत्तरं हे सगळं जोडलंय. खतवाल्याने त्याला फोन केल्यावर ₹२,००० परत आले, त्यानंतर नंबर बंद.

३० आणि ३१ ऑक्टोबरला, घरात दिवे लागलेले असताना, मी आणि भाचा चोपड्याला बसून उरलेले अर्ज भरत होतो. त्रेपन्न गेले. एक राहिला. त्या काकांचं बँक पासबुक अस्पष्ट स्कॅन झालं होतं, पुन्हा गावात जाऊन आणेपर्यंत वेळ संपली. त्यांना मी सकाळी घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फराळाचं ताट पुढे केलं.

नोव्हेंबरात दुसरं कार्ड घेतलं, ४जी, जीएसटी बिलासकट, बिलावर आयएमईआय लिहून. भाच्याने सुट्टीतच बसवलं. पिनेच्या अँटेना, वायर पत्र्याबाहेर बांबूवर. सिग्नलचा आकडा २२ येतो. पुढच्या ऑक्टोबरात त्या काकांचा अर्ज मी सगळ्यात आधी भरला.