दुसरे स्थान की तिसरे? जर्मनीच्या द्वितीय श्रेणीचा 2022-23 चा हंगाम
जर्मनीच्या द्वितीय श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये 34 सामन्यांनंतर पहिले दोन संघ थेट बुंडेसलिगा या सर्वोच्च श्रेणीत जातात, तर तिसऱ्या संघाला बुंडेसलिगातील सोळाव्या संघाशी दोन सामन्यांची लढत खेळावी लागते. गुणतक्त्यात शेजारी असलेल्या या दोन स्थानांत प्रत्यक्षात किती अंतर असते, हे 28 मे 2023 रोजी हांबुर्गने अनुभवले. झांडहाउझेनला 1-0 ने हरवल्यावर, थेट बढती मिळाली असे समजून त्यांचे समर्थक मैदानात उतरले होते. त्याच वेळी रेगेन्सबुर्गमध्ये 0-2 ने मागे पडलेल्या हायडेनहाइमने भरपाई वेळेत दोन गोल करून 3-2 असा विजय मिळवला आणि थेट अग्रस्थान गाठले. हायडेनहाइम व डार्मश्टाट यांचे प्रत्येकी 67 गुण झाले, हांबुर्गचे 66.

त्या एका गुणाची किंमत पुढे कळली: बुंडेसलिगात सोळाव्या आलेल्या श्टुटगार्टने हांबुर्गला 3-0 आणि 3-1 असे हरवले. 2009 ते 2025 या काळात ही लढत खालच्या श्रेणीतील केवळ न्युर्नबर्ग, ड्युसेलडोर्फ आणि युनियन बर्लिन यांनीच जिंकली. त्यामुळे तिसरे स्थान ही बढतीची संधी असली, तरी हंगामभर कमावलेल्या गुणांना ती पुरेसा न्याय देत नाही, असे मला मनापासून वाटते.