आरशासमोर घोकायचं की घाबरत का होईना करून टाकायचं?

कॉन्फिडन्स वाढवायला लोक दोन उपाय सांगतात, एक म्हणजे रोज आरशासमोर 'मी भारी आहे, मला जमतं' घोकायचं आणि दुसरा म्हणजे छोटं काहीतरी करूनच टाकायचं. पहिलं मी महिनाभर केलं, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलाबद्दल बोलायची वेळ आली की घशाला कोरड ती कोरडच. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वूड यांच्या २००९ च्या प्रयोगात तर ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना असली वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटलं! आतून मन म्हणतंच ना, 'चल, काहीही'.

दुसऱ्या उपायाला वेळ लागतो. मी एकच प्रश्न कागदावर लिहून नेला, कागद हातात थरथरत होता, सेक्रेटरी काकांनी सरळ उत्तर दिलं आणि संपलं. पुढच्या वेळी दोन विचारले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी १९७७ मध्येच मांडलंय की 'मला जमेल' हा भरवसा सगळ्यात जास्त स्वतः करून बघितल्यानेच येतो. फक्त पहिल्याच झटक्यात गणपतीतलं सूत्रसंचालन अंगावर घेऊ नका, फजिती झाली तर परत माईक धरवणार नाही. इंटरव्ह्यूला जाताना आरसा चालेल, पण कॉलर नीट करायला.