मराठवाड्यात रंगीत फर्न: नर्सरीतून काय घ्यावे, काय तिथेच ठेवावे

रंगीत फर्न आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आणि ऑनलाइनही सहज मिळतात. त्यांतले टायगर, ब्लू स्टार आणि पांढऱ्या पट्ट्याचा व्हिक्टोरिया हे तीन मराठवाड्यात नीट निभतात. हंसराज थोडी जास्त काळजी मागतो. जॅपनीज पेंटेड, ऑटम आणि लाल पालवीचा ब्लेक्नम यांवर पैसे घालू नयेत. ‘फर्नच्या बिया’ म्हणून निळ्या-जांभळ्या चित्रांची पाकिटे ऑनलाइन विकली जातात, ती तर कुणीच घेऊ नयेत. नेच्याला, म्हणजे फर्नला, फूल नाही, बी नाही. तो पानामागच्या बीजाणूंपासून वाढतो आणि बीजाणू धुळीसारखे बारीक असतात. पाकिटात टिपता येईल असे बी असेल तर ते दुसऱ्याच कशाचे तरी आहे.

आपल्याकडे नेचा उन्हाने मरतो असा समज आहे, म्हणून लोक त्याला आणखी गडद कोपऱ्यात सरकवतात. तिथेही तो करपतो. कारण हवा कोरडी असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, दुपारी हवेतला ओलावा अगदी तळाला येतो, त्यात पश्चिमेकडून झळा लागतात. बहुतेक नेच्यांची पाने पातळ असतात, पाणी धरून ठेवणारी मेणाची परतही तोकडी. मुळाशी पाणी असूनही पानातून जाणारे पाणी भरून निघत नाही आणि कडा तपकिरी होतात. म्हणून इथे फर्न निवडताना आधी पान किती जाड आहे ते बघावे, रंग नंतर.

टायगर फर्न हा बोस्टन फर्नच्याच कुळातला. पानांवर पिवळ्या-हिरव्या रेघा असतात आणि प्रत्येक पानावर त्या वेगळ्या पडतात. मुळे चिवट, क्षारही बऱ्यापैकी सोसतो. पिवळा भाग म्हणजे हरितद्रव्याची कमी, त्यामुळे गडद सावलीत तो मळकट हिरवा होतो. सकाळचे कोवळे ऊन तासभर मिळाले की रंग खुलतो. मधूनच एखादे पान पूर्ण हिरवे येते. ते दिसताच बुडापासून कापावे. हिरव्या पानांचा जोर जास्त असतो, सोडून दिली तर वर्षभरात सगळी कुंडी साधी हिरवी होते. घेताना निम्मी पाने हिरवी असलेली कुंडी नको म्हणावे.

ब्लू स्टार मूळचा उष्ण अमेरिकेतला, झाडांच्या खोडांवर वाढणारा. राखी-निळे पान जाड आणि मेणचट, म्हणून कोरडी हवा सगळ्यांत जास्त हाच सोसतो. केसाळ मूळखोड जमिनीवर सरपटते आणि ते मातीच्या वरच राहिले पाहिजे. कुंडी बदलताना ते पुरले की कुजते, आणि हा फर्न बहुधा त्यानेच जातो. एकच झाड घ्यायचे असेल तर हे घ्यावे. बोस्टनपेक्षा महाग पडतो, पण तेवढा टिकतोही.

व्हिक्टोरियाची पाने अरुंद, मधोमध चांदीसारखा पट्टा. हा टेरिस गटातला. याच गटातला एक साधा हिरवा नेचा जुन्या चुन्याच्या भिंतींवर, विहिरींच्या काठावर आपोआप उगवतो, आणि या गटातल्या बऱ्याच नेच्यांना चुना चालतो. आपले बोअरचे पाणी जड, म्हणून हे महत्त्वाचे. उणीव एकच: माती एकदा पूर्ण वाळली की पाने उभीच सुकतात आणि परत ताठ होत नाहीत. अशा वेळी सगळी पाने बोटभर ठेवून कापावीत आणि माती ओली ठेवावी, खोड जिवंत असेल तर नवी येतात.

हंसराजाची कोवळी पाने काही जातींत गुलाबी-तांबूस येतात. ही तांबूस छटा कोवळेपणापुरती असते, पान पिकले की हिरवे होते. म्हणजे रंग हवा तर नवी पालवी येत राहिली पाहिजे, आणि ती आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर भरपूर येते. मे महिन्यात हंसराज काळा पडला म्हणून फेकू नये.

पीकॉक सेलाजिनेला नर्सरीवाले फर्नमध्येच विकतात, पण तो खरा नेचा नव्हे, त्याचा दूरचा नातलग. मोरपिशी चमक पानाच्या वरच्या अतिपातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाची असते, उजेड वाढला की ती जाते. त्याला इतकी दमट हवा लागते की इथे तो झाकणाच्या काचपेटीतच ठेवावा. बागेत नको.

जॅपनीज पेंटेड रुपेरी-जांभळा, फार देखणा. पण तो जपान-कोरियाकडचा, थंडीत पाने टाकून विश्रांती घेणारा. परभणीत थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो खरा, पण ते मोजके दिवस. विश्रांती पुरत नाही आणि लगेच मार्च अंगावर येतो. ऑटम फर्नलाही थंड हवामानच मानवते. ब्लेक्नमला आम्लधर्मी माती लागते, आपल्या पाण्याने त्याची पाने पिवळी पडतात.

आता खरेदी. दक्षिणेकडून येणारा बराच माल आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमचा असतो. तिथे गोदावरी समुद्राजवळ पोचलेली, हवा दमट. तिथे वाढलेला फर्न नांदेडच्या गोदाकाठी आला तरी नदी तेवढी तीच, हवा वेगळी. त्यामुळे आणल्या दिवशी कुंडी बदलू नये. घरातल्या सर्वांत शांत सावलीत ठेवावा, वरून पारदर्शक पिशवीचा सैल तंबू करावा, त्याला पाच-सहा भोके पाडावीत आणि दोन-तीन आठवड्यांत तो थोडाथोडा उघडत जावा. कुंडी त्यानंतर बदलावी. विकत घ्यायची वेळ जुलै-ऑगस्ट. फेब्रुवारीत नर्सरीत फर्न टवटवीत दिसतो, पण घरी रुळायला वेळ मिळण्याआधीच उन्हाळा येतो.

सावलीसाठी ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट घ्यावी. ५० टक्क्यांची भाजीच्या रोपांना ठीक, फर्नला मेमध्ये अपुरी. बाजारात हिरवीच जास्त मिळते, पण तिच्याखाली पिवळे-पांढरे पट्टेही हिरवट दिसतात, म्हणजे ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच दिसत नाही. पांढरी किंवा काळी-पांढरी मागून घ्यावी. पट्टीच्या धाग्यापेक्षा गोल धाग्याची नेट जास्त वर्षे टिकते. डोक्यावर निदान अडीच मीटर उंच बांधावी, खाली ताणली तर गरम हवा कोंडते. पश्चिमेची बाजू मोकळी सोडू नये. तिथे बांबूची ताटी किंवा वाळ्याचा पडदा लावून दुपारी भिजवावा. डोक्यावरच्या सावलीइतकाच हा आडोसा गरजेचा आहे. झाडाखाली बाग करायची तर आंबा उत्तम. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो, आणि सावली नेमकी ऊन तापायला लागते तेव्हाच विरळ होते.

काळ्या मातीत फर्न थेट लावू नये. पावसात ती चिखल होऊन मुळांची हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, वर चुनखडी. जमिनीवर विटांच्या तुकड्यांचा थर देऊन २५ सेंटिमीटर उंच वाफा करावा. त्यात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग कोळशाचे तुकडे आणि अर्धा भाग गांडूळखत. ५ किलोची कोकोपीटची वीट भिजून साधारण ७० लिटर होते. ते न धुता वापरू नये, त्यात मीठ असते. भिजवून, पिळून, पाणी फेकून द्यावे आणि असे दोन-तीनदा करावे.

बरेच फर्न पाण्यानेही जातात, आणि तेही पाणी कमी पडून नव्हे, तर क्षाराने. कुंडीच्या काठावर पांढरी पूड आणि पानांची टोके जळालेली दिसली की क्षार साठले असे समजावे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालायची आपल्याकडे सवय आहे. फर्नला ते चालत नाही, कारण कूलरमधले पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. आरओचे वाया जाणारे पाणीही त्याच जातीचे. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित, ते जपून फर्नसाठी ठेवावे. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात धरावे. पंधरा दिवसांतून एकदा यांतले पाणी कुंडीतून भरपूर, खालून मोकळे वाहीपर्यंत सोडावे. रोजच्या पाण्याला ठरलेला माप नको, बोट घालून वरचा एक सेंटिमीटर कोरडा लागला की द्यावे. उन्हाळ्यात अकरा आणि तीनच्या सुमारास आजूबाजूची जमीन, विटा, ताटी भिजवावी. रात्रभर पाने ओली राहिली तर बुरशी धरते, म्हणून संध्याकाळी पानांवर फवारू नये. उन्हाळ्यात मातीची कुंडी लवकर वाळते, तेव्हा प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी.

खत बेताने. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) एक लिटर पाण्यात १ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, जुलै ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये अजिबात नको. युरिया कधीच नाही.

पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून अनेक जण औषध मारतात. ठिपके सारख्या अंतरावर, ओळीत असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, त्यांना हात लावू नये. आडवेतिडवे, देठावरही असतील, नखाने निघत असतील आणि पान चिकट लागत असेल तर ती खवले कीड. ती आणि पिठ्या ढेकूण कापसाला स्पिरिट लावून टिपावेत. तेलकट फवारे फर्नची पाने जाळतात, म्हणून निंबोळी तेलसुद्धा आधी एका पानावर मारून दोन-तीन दिवस बघावे. पावसाळ्यात गोगलगायींकडे लक्ष हवे. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे त्यांनी सोयाबीनची दाणादाण उडवली होती. ओला, सावलीचा वाफा त्यांना आवडतोच आणि कोवळी गुंडाळलेली पालवी त्या एका रात्रीत खातात. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याशेजारी टाकावे, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यावर मात्र कधी टाकू नये.