आरोग्यशिक्षणात मास्टर्स: नोकरीतल्या नर्सनं करावं का?

बीएस्सी नर्सिंगनंतर बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली आणि मग पुण्यात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स केली, आरोग्यशिक्षण आणि आरोग्य संवर्धन हा विशेष विषय घेऊन. नुसत्या 'आरोग्यशिक्षण' या नावाची मास्टर्स शोधायला गेलात तर आपल्याकडे हाती फारसं लागत नाही, बहुतेक ठिकाणी ते एमपीएचच्या पोटातच असतं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

कोर्स दोन वर्षांचा, चार सत्रं, शेवटी प्रबंध. पहिलं सत्र कोरडं जातं. साथरोगशास्त्र नर्सला जड जात नाही, वॉर्डात आणि फील्डवर त्यातलं बरंच बघितलेलं असतं. जैवसांख्यिकीला मात्र रोज बसावं लागतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती उरकत नाही.

खरा कोर्स दुसऱ्या सत्रात सुरू होतो. हेल्थ बिलीफ मॉडेल शिकवलं तो तास मला अजून आठवतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीवस्तीत फिरायच्या. तपासणी फुकट, गाडी जवळच, तरी कितीतरी लोक यायचेच नाहीत. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आणि त्यातून हे मॉडेल आलं, त्याचे प्रश्न साधे. हा आजार आपल्याला होऊ शकतो असं माणसाला वाटतं का, तो गंभीर वाटतो का, तपासणीचा उपयोग होईल असं वाटतं का, आणि आड काय येतं? आमच्या ओपीडीत बीपीच्या गोळ्या मध्येच सोडणारे पेशंट डोळ्यांसमोर आले. 'लोकांना सांगून उपयोग नाही' हे वाक्य स्टाफरूममध्ये सतत ऐकलेलं. सांगण्याआधी विचारायचं काय, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं. अमेरिकी आरोग्यशिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स ग्रीन यांचं, आरोग्य कार्यक्रम आखायचं प्रिसीड-प्रोसीड मॉडेलही असंच, शेवटाकडून सुरुवात करायची. आधी लोकांच्या जगण्यात काय बदलायला हवं ते ठरवायचं, मग कारणं शोधायची, आणि पोस्टर, पथनाट्य, भिंतीवरची घोषणा यांचा विचार त्यानंतर.

पैसे वसूल झाले ते साहित्य-चाचणीच्या प्रात्यक्षिकात. गरोदर बायांसाठी छापलेला लोहगोळ्यांचा एक फ्लिपचार्ट घेऊन आम्ही अंगणवाडीत बसलो. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात रोज एक लाल गोळी, १८० दिवस. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून चित्रात गोळी, शेजारी कप आणि कपावर लाल फुली. नियम एकच: आपण काही समजावायचं नाही, फक्त 'काय दिसतंय?' विचारायचं. पहिली म्हणाली, "गोळी चहासंगं घ्यायची." दुसरीला ती फुली दवाखान्याची खूण वाटली, म्हणजे सरकारी गोळी. गोळीनं शौच काळी होते, मळमळतं, पोटातल्या बाळाला काही होईल म्हणून सासू गोळी बंद करायला लावते, हे तिसरीनं सांगितलं, आणि त्याबद्दल अख्ख्या फ्लिपचार्टात एक ओळ नव्हती. आम्ही दोन वेगळी चित्रं केली, सकाळच्या उन्हात चहा आणि रात्री जेवल्यावर गोळी. सासूसाठी वेगळं पान केलं, त्यात काळ्या शौचाला घाबरायचं नाही हे मोठ्या अक्षरात. पुन्हा दाखवलं तेव्हा बायांनी न विचारता बरोबर सांगितलं. मार्गदर्शक बाई दिवसभर मागे बसून टिपणं घेत होत्या. त्यांनी आमच्या प्रश्नांची केलेली दुरुस्ती माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहे.

आता तक्रारी. बायांशी बोलायचं मराठीत, मुलाखती मराठीत, आणि प्रबंध, सादरीकरण, परीक्षा सगळं इंग्रजीत. त्या बायांचं बोलणं अहवालात उतरतं तेव्हा त्यातला निम्मा जीव गेलेला असतो. या विषयाला तरी मराठीत सादर करायची मुभा हवीच. दुसरं, इंटर्नशिप. आमच्यातल्या काहींना संस्थेनं अख्खा काळ एक्सेलमध्ये फॉर्म भरायला बसवलं आणि विभागानं एकदाही येऊन पाहिलं नाही. फी भरून शिकायला आलेल्या मुलींचा वेळ असा घालवणं मला आजही पटत नाही.

नोकरीचं चित्र मिश्र आहे. स्वयंसेवी संस्थांमध्ये आणि आरोग्य प्रकल्पांत एसबीसीसी, म्हणजे वर्तनबदल संवादाची पदं निघतात, पण बरीचशी कंत्राटी. सरकारी हेल्थ एज्युकेटरच्या ज्या जाहिराती मी पाहिल्या त्यांत बऱ्याचदा आरोग्यशिक्षणाची पदविका मागितलेली. तेवढंच हवं असेल तर कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन किंवा तमिळनाडूतलं गांधीग्राम इथली पदव्युत्तर पदविका आधी बघा, दोन वर्षं घालवायची गरज नाही.

फक्त पगारवाढीसाठी येत असाल तर निराशा होईल. गावात काम केलेल्या नर्स, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), समाजकार्यवाल्यांना मात्र मी हा कोर्स नक्की सुचवेन, पाचात चार तारे. प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा: क्षेत्रकार्यात शिक्षक स्वतः सोबत येतात का, आणि मागच्या बॅचच्या मुलांनी इंटर्नशिपमध्ये नेमकं काय केलं. जमलं तर त्या मुलांपैकी कुणाशी तरी फोनवर बोलून घ्या, मगच फी भरा.